‘होता’ लिहायला जागा नाही

गेल्या महिन्यात लातुरात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत परदेशवारीचा विषय निघाला. निम्म्या घरांतली पोरं बाहेर आहेत, त्यामुळे तो निघतोच. एका सभासदांना चार वर्षांपूर्वी आतड्याचा कॅन्सर झाला होता. उपचार पूर्ण झाले, तब्येत ठणठणीत आहे. मुलाकडे सिंगापूरला जायचं म्हटलं तर प्रवास विमा मिळेना. बघता बघता बैठकीत दोन तट पडले. एक तट म्हणाला, ‘सांगायचंच कशाला? फॉर्मवर नाही म्हणून टिक करायची, कोण बघतंय?’ दुसरा म्हणाला, ‘विमा कंपनी काय अन्नछत्र आहे? एवढा मोठा आजार झालेल्या माणसानं घरी बसून पथ्यपाणी सांभाळावं.’ अर्धा तास हे चाललं आणि ज्याचं मत जे होतं ते आणखी पक्कं होऊन सगळे घरी गेले. ज्यांचा प्रश्न होता ते गृहस्थ मात्र शेवटी काहीच बोलले नाहीत. चप्पल घालताना त्यांचा चेहरा मी पाहिला, म्हणून हे लिहायला बसलो.

दोन्ही तट भांडत होते, पण एका बाबतीत त्यांचं एकमत होतं. ‘कॅन्सर’ हा शब्द आला की विषय संपला, हे दोघांनीही धरून चाललेलं. एक म्हणतो शब्द दडवा, दुसरा म्हणतो शब्दापाशीच थांबा. कोणता कॅन्सर, कुठल्या टप्प्यावर सापडला, उपचार संपून किती वर्षं झाली, आज डॉक्टर काय म्हणतात, हे कुणीच विचारलं नाही. माझं म्हणणं असं आहे: आजार लपवू नये. पण आजार सांगणाऱ्या माणसाला त्याच्या आजच्या तब्येतीवरून तोललेलं, लेखी उत्तर मिळालं पाहिजे आणि ते देणं विमा कंपनीवर कायद्यानं बंधनकारक असलं पाहिजे. जादा हप्ता घ्यायचा असेल तर घ्या, काही बाबी वगळायच्या असतील तर वगळा, पण का ते आकड्यांनिशी सांगा. नुसत्या शब्दावरून दार लावून घेण्याची मुभा कुणाला असू नये.

हे मी आक्कामुळे बोलतोय. माझी थोरली बहीण अंबाजोगाईला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. २०१६ मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक (रेडिएशन) झाले. पुढे पाच वर्षं रोज एक गोळी, तीही २०२१ मध्ये बंद झाली. वर्षाला एकदा तपासणी, दर वेळी रिपोर्ट चांगला. २०२३ च्या दिवाळीत तिच्या लेकीचा जर्मनीहून फोन आला की जानेवारीत बाळंतपण आहे. पहिलं बाळंतपण आणि आई जवळ नाही, ही कल्पनाच आक्काला सहन होईना.

जर्मनीला जायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा लागतो आणि त्याला प्रवासाचा वैद्यकीय विमा लागतोच. किमान ३० हजार युरोंचं संरक्षण हवं आणि त्यात तातडीचे उपचार, दवाखान्यात भरती आणि वेळ आली तर मायदेशी परत आणणं हे सगळं बसावं लागतं. म्हणजे विमा नाही तर व्हिसा नाही आणि व्हिसा नाही तर नातू नाही. लातुरातल्या एका सेवा केंद्रात आम्ही दोघं बसलो होतो. आक्काच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत फाईल, फाईलमध्ये सात वर्षांचे कागद तारखेवार लावलेले. पोरगा भला होता. फॉर्म भरता भरता थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘मॅडम, इथं नाही करू का? समदेच करतेत.’ आक्का म्हणाली, ‘आरं, छातीवर वीतभर शिवण हाय माझ्या. नाही कसं म्हणू?’ त्यानं ‘हो’ दाबलं. पडद्यावर एक ओळ आली की हा प्रस्ताव पुढे नेता येणार नाही. आक्कानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि त्याला विचारलं, ‘बाळा, यात होता असं लिहायला कुठं जागा नाही का?’

नव्हती. हो आणि नाही, दोनच चौकोन.

पुढे दुसऱ्या एका कंपनीची पॉलिसी मिळाली. तिच्यात कलम होतं की आधीच्या आजारामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष होणारा कोणताही खर्च मिळणार नाही. व्हिसा झाला, आक्का गेली, नातू झाला. बारसं होऊन आठवडा झाला असेल, एका रात्री तिला सणकून ताप भरला. तिनं इथून नेलेली पॅरासिटामॉलची गोळी घेतली, पांघरूण ओढलं आणि लेकीला कळू दिलं नाही. दोन दिवस तिनं तसेच काढले, बाळाला जवळ घ्यायचं टाळत. परत आल्यावर मला सांगितलं, ‘तिथल्या डॉक्टरनं फाईल बघून ताप त्या आजाराचा म्हणून लिहिलं असतं, तर बिल कुणी भरायचं? पोरीनं?’ ताप साधा होता, उतरला. पण विमा काढलेला माणूस विम्याच्याच भीतीनं डॉक्टरकडे जात नसेल, तर त्यानं भरलेल्या हप्त्यात नेमकं काय विकत घेतलं?

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते पुष्कळ आहे. विमा म्हणजे दानधर्म नव्हे. अनेकांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ आली त्यानं त्यातून घ्यायचं, असा तो गल्ला असतो. ज्याला आपल्यावर वेळ येणार हे आधीच ठाऊक आहे, तोच तेवढा आत येऊ लागला तर गल्ला रिकामा होतो आणि प्रामाणिकांचा हप्ता वाढतो. आपल्याकडे हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. खरीप पीकविम्याला साधारण ३१ जुलैची मुदत असते. पाऊस रुसलाय हे ऑगस्टच्या शेवटी दिसल्यावर कुणी विमा काढू म्हटलं तर चालत नाही आणि चालू नयेच. परदेशातलं, त्यातही अमेरिकेतलं दवाखान्याचं बिल एखाद्या घराची पाच एकर जमीन गिळू शकतं, हेही खरं. ज्याची केमो चालू आहे, ज्याला डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलंय, त्याच्या त्या आजाराचा खर्च उचलायला कंपनीनं नकार दिला तर मी तिला दोष देणार नाही.

पण या युक्तिवादाची धाव कुठपर्यंत आहे ते बघा. तो जाणून घेतलेल्या, समोर दिसणाऱ्या जोखमीबद्दल आहे. ऑपरेशनला सात वर्षं झालेली, दरवर्षी तपासणी करून घेणारी बाई ही पाऊस रुसल्यावर आलेली शेतकरीण आहे का? तिचं पीक कधीच घरात आलंय. शिवाय प्रवास विमा बहुधा साठ-नव्वद दिवसांचा असतो. आयुर्विमा देणारी कंपनी वीस वर्षांची जोखीम घेते, तिनं दहा वेळा विचार करावा. इथे प्रश्न एवढाच आहे की आज तपासणीत स्वच्छ असलेल्या माणसाला पुढच्या दोन-तीन महिन्यांत, परक्या देशात, त्याच आजारानं तातडीनं दवाखान्यात न्यावं लागेल का? कॅन्सर उलटतो तेव्हाही बहुधा तो हळूहळू उलटतो. गाठ लागते, दुखणं रेंगाळतं, वजन उतरतं, आणि माणूस घरी येऊन आपल्या डॉक्टरला दाखवू शकतो. याउलट ज्या गोष्टी विमानातून उतरल्यावर घात करतात, म्हणजे हृदयविकाराचा झटका, बर्फावरून पाय घसरणं, न्यूमोनिया, त्या कॅन्सर न झालेल्या साठीच्या माणसालाही होऊ शकतात. त्याच्याकडून हप्ता घ्यायला कुणी कचरत नाही.

आणि कॅन्सर हा काही एक आजार नाही. थायरॉइडचा, लवकर सापडलेला गर्भाशयमुखाचा, तंबाखूनं झालेला तोंडाचा, स्वादुपिंडाचा, यांना एकच नाव आहे म्हणून त्यांची गत एक होत नाही. मराठवाड्यात प्रत्येक गल्लीत तंबाखूनं जबडा गेलेला एखादा माणूस दिसतो, म्हणून आपल्या मनात त्या शब्दाचं एकच चित्र बसलंय. त्या चित्राला घाबरणं माणसाला शोभेल, पण जोखीम मोजणं हाच जिचा धंदा त्या संस्थेला ते कसं शोभावं?

विम्याच्या इतिहासात हे पूर्वी घडून गेलंय. एकोणिसाव्या शतकात इथे आयुर्विमा विकणाऱ्या परदेशी कंपन्या भारतीय माणसाचा जीव कमी दर्जाचा धरत आणि त्याच्याकडून भरमसाट जादा हप्ता घेत. तेव्हा नुसतं भारतीय असणं हेच आधीच्या आजारासारखं होतं. त्यांच्याकडेही कारणं होतीच: हवा वाईट, साथी फार, आयुष्य कमी. १८७० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल’ ही संस्था निघाली आणि तिनं भारतीयांचा विमा सर्वसाधारण दरानं उतरवायला सुरुवात केली. गठ्ठ्यानं काढलेली किंमत अटळ नव्हती, हे त्यातून दिसलं. कुष्ठरोगाचंही तसंच झालं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, लाखो लोक बरे झाले. तरी १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघायला २०१९. औषधाला जमलेलं कागदाला जमायला साडेतीन दशकांहून जास्त काळ लागला. त्या वर्षांत किती बरी झालेली माणसं कागदावर रोगीच राहिली असतील?

कंपन्यांच्या बाजूनं हमखास सांगितलं जातं की भारतात कॅन्सरचे पुरेसे आकडे नाहीत, म्हणून दर काढता येत नाही. हे आमच्या भागात येऊन कुणी सांगू नये. धाराशिव जिल्ह्याला लागूनच असलेल्या बार्शीत १९८७ पासून गावागावांतल्या कॅन्सरची नोंदवही आहे, ग्रामीण लोकसंख्येची देशातली पहिली. छत्रपती संभाजीनगरची नोंद आहे, धाराशिव-बीडची आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गटांतल्या गावांमधल्या, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या अभ्यासात सामील झाल्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीनं, पुढे गेलेल्या कॅन्सरचं आणि मृत्यूंचं प्रमाण लक्षणीय घटतं, हे २००९ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासानं दाखवलं आणि जगानं ते उचललं. शेतातली खुरपणी सोडून आलेल्या, नवऱ्याला काय सांगावं या संकोचात तपासणीच्या खोलीबाहेर बसलेल्या त्या बायकांनी जगाला आकडे दिले. त्यांच्यातल्या ज्यांना वेळेवर निदान झालं आणि ज्या बऱ्या झाल्या, त्यांच्यापैकी एखादीला लेकीकडे परदेशी जायचं झालं तर तिला सांगायचं की बाई, आमच्याकडे आकडे नाहीत?

कायद्यानं हे करता येतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं एचआयव्हीबाधित माणसाला विमा नाकारणं किंवा त्यात अन्याय्य वागणूक देणं हा भेदभाव ठरवलाय. अपवाद एकच: त्या वागणुकीला विमागणिती अभ्यासाचा, म्हणजे आकड्यांवरून जोखीम मोजणाऱ्या अभ्यासाचा आधार असला पाहिजे. म्हणजे नाकारायची मुभा आहे, पण सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांसाठी मी याहून जास्त काहीच मागत नाही. आरोग्य विम्यात तर विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामकानं २०२४ मध्ये बरंच केलं. आधीच्या आजारासाठीची कमाल प्रतीक्षा ४८ महिन्यांवरून ३६ वर आणली आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर, लबाडी सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवली म्हणून दावा नाकारता येणार नाही असं केलं. पण प्रवास विमा दर वेळी नवा असतो. दोन महिन्यांच्या पॉलिसीत ३६ महिने थांबणार कुठून? त्या माणसाची प्रतीक्षा मरेपर्यंत संपत नाही.

बाहेरच्या देशांनी वेगवेगळे रस्ते काढलेत. फ्रान्समध्ये २०२२ च्या कायद्यानुसार उपचार संपून पाच वर्षं झाली आणि आजार उलटला नाही, तर घरकर्जाच्या विम्यासाठी तो कॅन्सर सांगावाच लागत नाही. हे प्रवास विम्याबद्दल नाही हे मला ठाऊक आहे, पण आजाराला ‘होता’ म्हणण्याची तारीख कायद्यानं ठरवता येते, एवढं त्यातून दिसतं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२१ पासून नियम आहे की आजारामुळे प्रवास विमा नाकारला किंवा आजारापोटी हप्ता फार वाढवला, तर अशा प्रवाशांना विमा देणाऱ्या कंपन्यांची यादी ग्राहकाला दाखवलीच पाहिजे. नकार दिला तरी पुढचा रस्ता सांगूनच द्यायचा. आक्काच्या पडद्यावर एक ओळ आली होती, त्या खाली आणखी एक ओळ लिहायला काय खर्च होता?

‘लपवा’ म्हणणाऱ्या पहिल्या तटाशी मला प्रेमानं पण ठामपणे बोलायचंय, कारण ती माणसं वाईट नाहीत. बंद दारासमोर उभं राहून कंटाळलेली आहेत. पण विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो. विचारलेली महत्त्वाची गोष्ट दडवली तर कंपनी दावा फेटाळू शकते, आणि तो फेटाळला जातो तो नेमका तुम्ही परक्या दवाखान्यात पडलेले असताना. शिवाय कॅन्सरचा दडवलेला भूतकाळ पाय मोडल्याच्या दाव्यालाही बाधू शकतो. याउलट सांगितलेली गोष्ट तुमच्या बाजूनं उभी राहते. अमेरिकेला गेलेल्या एका प्रवाशाला विमानतळावर हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट टाकावे लागले आणि कंपनीनं आधीच्या आजाराचं कारण देऊन दावा नाकारला. त्यानं मधुमेह आधीच सांगितला होता, पॉलिसीपूर्वी वैद्यकीय तपासणीही झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नकार बेकायदा ठरवला. प्रकृती तपासून, जोखीम जोखून एकदा पॉलिसी दिली की सांगितलेल्या आजाराकडे बोट दाखवून मागे फिरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. विश्वास दोन्हीकडून लागतो, हा त्याचा अर्थ.

दुसऱ्या तटाला माझा प्रश्न बीडचा आहे. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्याचा पीकविमा घ्यायला कंपन्या पुढे आल्या नाहीत. जोखीम फार, दावे फार, परवडत नाही. त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबर असेल. तेव्हा कुणी असं म्हणालं का, की एवढी जोखीम आहे तर बीडच्या शेतकऱ्यानं पेरूच नये? भारतीय कृषी विमा कंपनीकडे काम गेलं आणि ८०-११० चं सूत्र ठरलं, ज्याला पुढे बीड पॅटर्न म्हणू लागले. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर कंपनीनं सोसायची, त्यावरची राज्य सरकारनं. ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीनं वीस टक्के ठेवून बाकीचे सरकारला परत करायचे. तोट्याला छत, नफ्यालाही छत. त्या पॅटर्नवर शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या, माझ्याही आहेत, भरपाईचे वांधे सगळ्यांनी पाहिलेत. पण कुणीच घेईना ती जोखीम वाटून घेता येते, हे त्यानं दाखवलं. हे नवलही नाही. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर दहशतवादाचा विमा कुणी देईना, तेव्हा २००२ मध्ये भारतातल्या विमा कंपन्यांनी मिळून सामाईक गल्ला उभा केला. ज्या मालमोटारींचा विमा कुणी द्यायला तयार नव्हतं त्यांच्यासाठी २०१२ मध्ये असाच गल्ला झाला. इमारतीसाठी होतं, ट्रकसाठी होतं, कापसा-सोयाबीनसाठी होतं. बऱ्या झालेल्या माणसाच्या साठ दिवसांच्या प्रवासासाठी का होऊ नये? सगळ्या प्रवास विमा कंपन्यांनी हप्त्यातला अगदी बारीक हिस्सा टाकायचा, डॉक्टरांचा ताजा दाखला असलेल्याला जादा पण मर्यादित हप्त्यावर पॉलिसी द्यायची आणि दाव्याचा जुन्या आजाराशी संबंध नाही हे प्रवाशानं नव्हे, तर आहे हे कंपनीनं सिद्ध करायचं.

एक आक्षेप मात्र मला खरोखर टोचतो. लातूर-नांदेडकडे अजूनही असे पेशंट आहेत जे केमोच्या तारखेला परळच्या टाटा रुग्णालयात जायला रेल्वेच्या सवलतीवर अवलंबून असतात आणि धर्मशाळेत जागा नसेल तर फुटपाथवर झोपतात. अशा मुलखात परदेश प्रवासाच्या विम्याचं रडगाणं म्हणजे चैन नाही का? मी यावर बराच विचार केला. त्या माणसाचं दुःख मोठं आहे, यात वाद नाही. पण परदेशी जाणारे सगळे हौशे नसतात. परभणी-बीडहून मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघालेले, नांदेडहून कॅनडात भावाच्या घरी जाणारे, लुंबिनीला जाणारे, आणि सगळ्यांत जास्त बाळंतपणाला निघालेल्या आया. पोरांना शिकवून बाहेर पाठवा म्हणून याच मराठवाड्यानं जमिनी गहाण टाकल्या. त्यांच्या घरी जाणं ही चैन कशी? आणि आज प्रवास विम्याच्या फॉर्मवर जो शब्द आडवा येतो, तोच उद्या फुटपाथवरच्या त्या पेशंटला बरं झाल्यावर आरोग्य विम्याला, कर्जाच्या विम्याला आडवा येतो. तिथे त्याच्यासाठी भांडायचं तर इथे आक्कासाठी गप्प कसं बसायचं?

नातू आता दोन वर्षांचा होत आलाय आणि आक्का पुन्हा जाणार आहे. या वेळी आम्ही आधीच पत्र लिहिलं. तिच्या आजाराची तारीख, उपचार संपल्याची तारीख, यंदाच्या मॅमोग्राफीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचा दाखला जोडला आणि एकच प्रश्न विचारला: ताप, न्यूमोनिया, पडून हाड मोडणं, यांपैकी काय काय तुम्ही त्या आजारात धरणार, ते लेखी कळवा. मसुदा आक्कानं केला, शुद्धलेखन दोनदा तपासलं, स्पीड पोस्टनं पाठवलं. पोचल्याची नोंद आली आहे. तीन आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही. सोमवारी दुसरं पत्र टाकतोय, या वेळी एक प्रत विमा नियामकाला.